अठरा मिलिमीटर

भट्टीतून ठोकळा बाहेर पडतो
तेव्हा त्याच्यापाशी नुसती जाडी असते,
अडीचशे मिलिमीटर,
आणि रंग, झाडावरच पिकून राहिलेल्या काकीफळाचा.
मग पाण्याचे फवारे. खवले तडतडत उडतात.
(माझे आजोबा याच किनाऱ्यावरच्या जुन्या मिलमध्ये
बांबूच्या ओल्या डहाळ्या फेकायचे तापल्या पत्र्यावर.
धडाड्! खवल्यांबरोबर भुवयाही जायच्या.
घरातल्या एकाही फोटोत आजोबांना भुवया नाहीत.)

रूळ त्याला गिळतात, पलीकडे काढतात,
आडवा फिरवून पुन्हा गिळतात.
जा, ये. जा, ये.
दर फेरीला थोडा पातळ, थोडा लांब,
केबिनच्या काचेवर त्याची धग, माझ्या चहावर त्याची थरथर.
शेवटी उरतात अठरा मिलिमीटर.
बाकीची जाडी गेली कुठे, असं नवी पोरं विचारतात.
कुठेच जात नाही. तिची लांबी होते.
माणसांचंही असं होत असेल. ते राहू दे.

माझं काम त्यानंतरचं.
कझुए सुगिमोरी, मिझुशिमा, रात्रपाळी,
पोलादाला कान लावणारी.
थंड पत्र्यावरून यंत्र फिरवते.
आवाज आत जातो, तळाला आपटतो, परत येतो.
वेळेवर आला तर ठीक.
अर्ध्या वाटेतून परतला
तर आत कुणीतरी तोंड मिटून बसलंय:
ओतताना अडकलेला मळीचा एक कण,
पत्र्याबरोबर तोही लाटला गेलेला,
वीतभर लांब, कांद्याच्या पापुद्र्याएवढा.
वरून बघाल तर चकचकीत.

गुरुवारी असा एक सापडला. खडूने फुली मारली.
होंगो म्हणाला, कुणाला दिसणार आहे?
नाहीच दिसणार, मी म्हटलं,
आणि फुली जरा मोठी केली.

वडील तिकडे इन्नोशिमाला, गोदीत होते.
आम्ही जिवाच्या आकांताने सपाट केलेला पत्रा
अडतीस वर्षं ते वाकवत राहिले.
एका हातात ज्योत, दुसऱ्या हातात पाण्याची नळी.
आगीची रेघ ओढायची, मागोमाग पाणी,
पोलाद कण्हतं आणि कड केसभर उचलतं.
पुन्हा रेघ.
लाकडी फर्मा टेकवायचा, गुडघ्यावर बसून
फटीतून उजेड येतोय का बघायचा.
आला, तर अजून एक रेघ.
नाळेच्या एका पत्र्याला नऊ दिवस लागले होते.
दहाव्या दिवशी तो रंगाखाली गेला
आणि त्यानंतर त्याला फक्त लाटांनी पाहिलं.

शेजारच्या हातोड्यांनी त्यांचे कान नेले.
मला ऐकण्याचाच पगार मिळतो.
या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही,
बोलणार तरी कसे.

रविवारी उदोनचं पीठ त्यांनीच लाटलं.
जाडी एकसारखी हवी, म्हणून बोटाने चाचपत होते,
डोळे मिटून.
मी पाटीवर लिहिलं: एक पत्रा रद्द केला.
त्यांनी विचारलं, मग?
लिहिलं: तुकडे करून परत भट्टीत.
पिठाच्या हातांनी त्यांनी नाक खाजवलं.
"सुटला," म्हणाले. "पुन्हा ठोकळा होईल."
मग बराच वेळ रस्सा ढवळत राहिले.

परतीच्या बोटीत मी खिडकीखालच्या भिंतीपाशी बसले.
नऊ मिलिमीटर असेल, फार तर दहा.
पलीकडे पाणी धडका देत होतं.
सवयीने नाणं काढलं, टक्क केलं.
समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलाने पाहिलं,
मग त्यानेही आपल्या बाजूच्या भिंतीवर, पेटीच्या किल्लीने,
टक्क.
डोकं तिरकं करून तो ऐकत राहिला,
माझ्यापेक्षा जास्त वेळ.